धातूवरचा ऑक्साइडचा थर आणि हीट ट्रीटमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातूवर वाढवलेला ऑक्साइडचा थर भट्टीत गेला की त्याचं काय होतं, हा प्रश्न अॅनोडायझिंग (द्रावणात वीज देऊन धातूवर ऑक्साइडचा थर वाढवणं) करणारे, कॅपॅसिटर बनवणारे, वेल्डिंग करणारे आणि प्रयोगशाळेत पातळ थरांवर काम करणारे असे सगळेच विचारतात. प्रत्येकाला उत्तर मात्र वेगळं मिळतं, कारण थर भट्टीत एकटा जात नाही. खालचा धातूही त्याच्याबरोबर तापतो. त्या धातूला ऑक्सिजनची किती ओढ आहे आणि तो तापल्यावर किती फुगतो, यावर पुढचं बरंचसं ठरतं. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

या थरांची जाडी साधारण किती असते?

हवेत आपोआप येणारा थर २ ते ५ नॅनोमीटरचा असतो. द्रावणात व्होल्टेज देऊन वाढवलेला सलग थर व्होल्टेजच्या प्रमाणात जाड होतो: अॅल्युमिनियमवर दर व्होल्टला सुमारे १.३ नॅनोमीटर, टँटलमवर सुमारे १.७. गंधकाम्लात केलेलं सच्छिद्र अॅनोडायझिंग ५ ते २५ मायक्रॉनपर्यंत जातं. भट्टीत लाल झालेल्या पोलादावरची खपली तर नुसत्या डोळ्यांना दिसते, हाताने मोडता येते.

थर तापवला की त्यात नेमकं काय बदलतं?

बऱ्याच गोष्टी एकदमच सुरू होतात. त्यातली कुठली पुढे राहील हे तापमान ठरवतं.

आधी पाणी निघतं. द्रावणात वाढलेल्या थरात पाण्याचे रेणू आणि हायड्रॉक्सिल गट अडकलेले असतात. सुटं पाणी शे-दोनशे अंशांपर्यंत जातं. रासायनिक बंधात धरलेलं पाणी चिवट असतं. अॅल्युमिनियमवरच्या बोहमाइटमधून, म्हणजे पाणी धरलेल्या ऑक्साइडमधून, ते ४५० ते ५०० अंशांच्या सुमाराला सुटतं आणि मागे गॅमा अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइडचं एक स्फटिकरूप) उरतो. पाणी गेलं की थर आक्रसतो, आणि ती जागा भरून काढायला कोणी नसल्यामुळे बारीक पोकळ्या आणि तडे राहतात.

मग अणूंची मांडणी बदलते. कमी तापमानाला वाढलेले बहुतेक अॅनोडिक थर अस्फटिक असतात, म्हणजे त्यांतले अणू ठरावीक रांगेत नसतात. पुरेशी उष्णता मिळाली की त्यात स्फटिक उगवतात.

तिसरा बदल ऑक्सिजन आणि धातूच्या आयनांच्या हालचालीचा. बाहेर हवा असेल तर थर जाड होत जातो. कार्ल वॅग्नर यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, थर सलग असेल आणि आयनांना त्यातूनच वाट काढावी लागत असेल, तर थर दुप्पट जाड व्हायला चौपट वेळ लागतो. पण ऑक्सिजन बाहेरूनच आत येतो असं नाही. तो थरातून खालच्या धातूतही शिरतो. हीट ट्रीटमेंटमधल्या कितीतरी न उलगडणाऱ्या निकालांचं मूळ इथे असतं, म्हणून टँटलमच्या प्रश्नात त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

शेवटी ताण. धातू आणि ऑक्साइड सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे तापताना आणि निवताना दोघांत ओढाताण होते.

तापवल्याने थर पक्का होतो, हे खरं आहे का?

कधी होतो, कधी बिघडतो. स्फटिक झालेला थर बहुधा जास्त घन असतो आणि आम्लात सावकाश विरघळतो. पण स्फटिक आले की त्यांच्यामध्ये ग्रेन बाउंड्री, म्हणजे स्फटिकांमधले सांधे, येतात, आणि त्या वाटेने आयन भराभर पळतात. अस्फटिक थरात अशी वाटच नसते. टँटलमच्या अस्फटिक थरात स्फटिकाचा एखादा ठिपका उगवला की तिथून गळती प्रवाह वाढतो आणि कॅपॅसिटर बाद होण्याच्या मार्गाला लागतो. अॅल्युमिनियमच्या फॉइलवर याच्या उलट अनुभव येतो. तिथे स्फटिकी थर तेवढाच व्होल्टेज कमी जाडीत सहन करतो, त्यामुळे कॅपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढतो आणि उद्योगात मुद्दाम स्फटिकी थर वाढवतात. ‘अॅनिल केलं (भट्टीत तापवलं) की चांगलं’ असा सरसकट नियम कुणी सांगितला तर धातू कोणता, हे आधी विचारावं.

टँटलमचा थर २०० ते ४०० अंशांना तापवल्यावर कॅपॅसिटन्स का वाढतो? जाडी तर तेवढीच राहते.

१०० व्होल्टला अॅनोडाइझ केलेला टँटलमचा तुकडा घ्या. त्यावर सुमारे १७० नॅनोमीटरचा, उत्तम इन्सुलेटर असलेला टँटलम पेंटॉक्साइडचा थर आहे. या तापमानाला तो स्फटिक होत नाही, त्याला बरंच जास्त तापमान लागतं. जाडीतही मोजण्याजोगा फरक पडत नाही. तरी भट्टीतून काढून मोजलं तर कॅपॅसिटन्स वाढलेला असतो, लॉस (वाया जाणारी ऊर्जा) वाढलेला असतो, आणि आकडा एका जागी थांबत नाही: फ्रीक्वेन्सी बदलली की वेगळा, तापमान बदललं की वेगळा, बायस (वरून स्थिर व्होल्टेज) दिला की आणखी वेगळा.

कारण खालच्या धातूत आहे. टँटलम स्वतःमध्ये ऑक्सिजन विरघळवून घेतो. थंड असताना ही ओढ दबून राहते, कारण अणू हलू शकत नाहीत. २०० अंशांच्या पुढे ते हलायला लागतात आणि धातू आपल्याच अंगावरच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन खेचतो. धातूला लागून असलेल्या भागात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा तयार होतात. प्रत्येक रिकाम्या जागेबरोबर इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि तिथला ऑक्साइड इन्सुलेटर न राहता एन प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉनमुळे वीज वाहणारा, अर्धवाहक बनतो. धातूजवळ वाहकता जास्त, बाहेरच्या पृष्ठभागाकडे कमी, असा उतार थरात तयार होतो. मीटरला मग १७० नॅनोमीटरचा इन्सुलेटर दिसतच नाही. त्याचा धातूकडचा भाग वाहक झाल्यामुळे उरलेला पातळ भाग तेवढा दिसतो, आणि पातळ थर म्हणजे जास्त कॅपॅसिटन्स. वाहक आणि इन्सुलेटर यांच्यामधली सीमा तापमानानुसार आणि फ्रीक्वेन्सीनुसार सरकते, म्हणून आकडाही सरकतो.

डोनाल्ड स्मिथ (Smyth) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत हा वाहकतेचा उतार मांडला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. नुसती विद्युत मोजमापं घेऊन, थर न फोडता, त्याच्या आत ऑक्सिजन कुठे कमी आहे हे त्यांनी ओळखून दाखवलं.

मग तो थर वाया गेला का?

नाही. पुन्हा द्रावणात ठेवून व्होल्टेज दिला की ऑक्सिजन परत भरला जातो आणि थर पूर्वपदावर येतो. याला रीफॉर्मिंग म्हणतात. टँटलम कॅपॅसिटरमध्ये कॅथोडसाठी मँगनीज डायऑक्साइड लागतो. तो मँगनीज नायट्रेट सुमारे २५० ते ३०० अंशांना जाळून बनवतात, आणि तेही एकदा करून भागत नाही. म्हणजे थर तापणं टाळता येतच नाही. म्हणून मधेमधे रीफॉर्मिंग करतात. अॅनोडाइझ करा, तापवा, पुन्हा अॅनोडाइझ करा, या क्रमाने गेलेला थर कधीच न तापलेल्या थरापेक्षा जास्त स्थिर निघतो.

निर्वात भट्टीत तापवल्यावर टायटॅनियमचा रंगच गेला. थर उडून गेला का?

उडून गेला नाही, धातूत जिरला. टायटॅनियमच्या स्फटिकजालात दर शंभर अणूंमागे तीसहून अधिक ऑक्सिजन मावतो, झिर्कोनियममध्येही जवळपास तेवढाच. भट्टीत बाहेरून नवा ऑक्सिजन येत नसेल आणि तापमान पुरेसं असेल, तर धातू आपल्यावरचा ऑक्साइड गिळून टाकतो. पृष्ठभाग चकचकीत दिसतो, पण तो शुद्ध झालेला नसतो. ऑक्सिजन आता आतल्या बाजूला, पृष्ठभागाखाली असतो आणि धातू तिथे कडक, ठिसूळ होतो.

नायोबियममध्ये याचा चांगला उपयोग करून घेतात. कणत्वरकांमध्ये वापरल्या जाणाऱ्या अतिवाहक नायोबियमच्या पोकळ्या (कॅव्हिटी) १२० अंशांना सुमारे ४८ तास निर्वातात भाजल्या की त्यांचं काम सुधारतं. ३०० अंशांच्या आसपास नेलं तर वरचा ५ नॅनोमीटरचा थर धातूत विरघळून जातो. हवा लागताच नवा थर येतो, पण त्याखालचा धातू आता पहिल्यासारखा नसतो.

अॅनोडाइझ केलेला अॅल्युमिनियमचा भाग ओव्हनमध्ये तापवला तर चालेल का?

सील केलेल्या (छिद्रं बुजवलेल्या) थराला ८० ते १०० अंशांपुढे केसासारखे तडे जाऊ लागतात. अॅल्युमिनियम दर अंशाला लांबीच्या दशलक्षांश भागांपैकी २३ भागांनी वाढतो, अॅनोडिक थर फक्त ५ भागांच्या आसपास. धातू खालून ताणत जातो, वरचा थर ताणला जात नाही, आणि तो तुटतो. वस्तू तिरपी धरून प्रकाशात बघितली की तड्यांचं जाळं दिसतं. थर धातूला घट्ट चिकटलेलाच असतो, पोपडे निघत नाहीत. झीज सहन करण्यातही फारसा फरक पडत नाही. पण तड्यांतून खारं पाणी आत जातं आणि गंजापासूनचं संरक्षण कमी होतं.

सेंद्रिय रंग दिलेला असेल तर तोही उष्णतेने उडतो. आणि मिश्रधातू हीट ट्रीटमेंटने कडक केलेला असेल तर त्याची ताकद जाऊ शकते, हे थराच्या तड्यांपेक्षा गंभीर आहे. तेव्हा क्रम असा ठेवावा: धातूची हीट ट्रीटमेंट आधी, अॅनोडायझिंग नंतर, सीलिंग शेवटी.

अॅल्युमिनियमवरचा थर तापवून नीलम-माणकासारखा कठीण अल्फा अॅल्युमिना करता येईल का?

भट्टीत तरी नाही. ४५० अंशांच्या आसपास अस्फटिक थराचा गॅमा अॅल्युमिना होतो. तिथून पुढे डेल्टा आणि थीटा रूपांतून जात अल्फा यायला साधारण ११०० अंश लागतात, आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो. अॅल्युमिनियम असलेल्या निकेलच्या किंवा लोखंडाच्या मिश्रधातूंवर मात्र अल्फाचा थर मिळतो. गॅस टर्बाइनची पाती त्याच थराच्या जोरावर टिकतात.

टायटॅनियमवरच्या अॅनोडिक थराला किती तापमान द्यावं?

काम काय आहे त्यावर. प्रकाशाच्या मदतीने रासायनिक क्रिया घडवायची असेल तर सहसा अॅनाटेज (टायटॅनियम ऑक्साइडचं एक स्फटिकरूप) हवा असतो. त्यासाठी हवेत ४०० ते ४५० अंश पुरतात. त्यापुढे ५५० अंशांच्या सुमाराला रुटाइल (त्याचंच दुसरं स्फटिकरूप) दिसू लागतो, आणि तो बहुधा धातूला लागून असलेल्या तळाकडून सुरू होतो. फ्लोराइडच्या द्रावणात वाढवलेल्या नॅनोनळ्या असतील तर तापवण्याने अडकलेला फ्लोराइडही निघून जातो. फार पुढे गेलं की नळ्या तळापासून खचतात. नुसत्या रंगासाठी अॅनोडाइझ केलं असेल तर तापवूच नका, कारण हवेत थर जाड होतो आणि रंग सरकतो.

पोलादावर चढणाऱ्या रंगावरून तापमान सांगता येतं का?

अंदाज बांधता येतो. साध्या कार्बन पोलादाची घासून चकचकीत केलेली पट्टी एका टोकाकडून तापवून बघा. आधी फिकट गवती पिवळा येतो, सुमारे २२० ते २३० अंशांना. मग २६० जवळ तपकिरी, २८० जवळ जांभळा, ३०० जवळ निळा. पट्टे एकामागून एक थंड टोकाकडे सरकत जातात. शंभर नॅनोमीटरहूनही पातळ थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे हे रंग दिसतात, रंगद्रव्य त्यात कुठेच नसतं.

रंग जाडी सांगतो, तापमान थेट सांगत नाही. २२० अंशांवर बराच वेळ ठेवलं तर थर वाढत राहतो आणि रंग तपकिरीकडे, जांभळ्याकडे झुकतो. क्रोमियम असेल तर सगळी पट्टीच वर सरकते. स्टेनलेसवर फिकट पिवळा यायला ३०० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि गडद निळा ६०० जवळ येतो. छिन्नीला पाणी देताना रंग बघणं योग्य आहे, कारण तिथे तापण्याचा वेळ दर वेळी साधारण तेवढाच असतो. भट्टीत तासन् तास ठेवलेल्या भागाचा रंग बघून तापमान ठरवू नका.

पोलादाची खपली कधी सहज निघते आणि कधी चिकटून बसते. असं का?

५७० अंशांच्या वर लोखंडावर त्याच्या ऑक्साइडचे तीन थर येतात: धातूला लागून वुस्टाइट, त्यावर मॅग्नेटाइट, सर्वांत वर हेमेटाइट. १००० अंशांना जाडीचा सुमारे ९५ टक्के भाग वुस्टाइटचा, ४ टक्के मॅग्नेटाइटचा आणि १ टक्का हेमेटाइटचा असतो. ५७० च्या खाली वुस्टाइट स्थिर नाही. सावकाश निवू दिलं तर तो फुटून लोखंड आणि मॅग्नेटाइट यांचं बारीक मिश्रण होतं. झटकन निववलं तर तो तसाच अडकून राहतो.

एकाच भट्टीतले, एकाच तापमानाचे दोन तुकडे घ्या. एक हवेत पटकन गार झालेला, दुसरा भट्टीतच रात्रभर ठेवलेला. दोघांवरची खपली रचनेने वेगळी असते. वुस्टाइट जास्त असलेली जाड खपली वाकवल्यावर मोडून पडते आणि आम्लातही लवकर निघते. मॅग्नेटाइट जास्त असलेली पातळ खपली चिवटपणे बसून राहते. पिकलिंगला (आम्लात बुडवून खपली काढायला) जास्त वेळ लागत असेल तर आम्लाची तीव्रता वाढवण्याआधी तुकडे निववण्याची पद्धत तपासून बघावी.

स्टेनलेसच्या वेल्डजवळचा रंगीत पट्टा काढायलाच हवा का?

गंज टाळायचा असेल तर हो. तो थर वाढताना त्यासाठीचं क्रोमियम खालच्या पोलादातून आलेलं असतं, त्यामुळे थराच्या लगेच खाली क्रोमियम कमी झालेली पट्टी राहते. नुसता रंग घासून काढला आणि ती पट्टी तशीच ठेवली तर काम अर्धवट राहतं. पिकलिंगने ती पट्टीही काढून मग पॅसिव्हेशन करावं, म्हणजे संरक्षक थर पुन्हा येऊ द्यावा.

भट्टीत ठीक असलेला थर गार होताना का उडतो?

अॅनोडाइझ केलेल्या अॅल्युमिनियमच्या बाबतीत जे घडतं त्याची ही उलट बाजू. तिथे थर थंड असताना वाढतो आणि तापल्यावर ताणला जातो. इथे थर उच्च तापमानाला वाढतो. निवताना धातू जास्त आकुंचन पावतो आणि थर दाबला जातो. निकेलच्या मिश्रधातूवरचा अल्फा अॅल्युमिना ११०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला आला की त्यात ३ गिगापास्कलहून जास्त दाब साठलेला असतो. पकड कुठे सैल असेल तिथे थर फुगून वर येतो आणि फुटतो.

पिलिंग आणि बेडवर्थ यांनी १९२३ मध्ये दिलेलं गुणोत्तर इथे हमखास पुढे केलं जातं: तयार झालेल्या ऑक्साइडचं आकारमान भागिले त्यासाठी खर्ची पडलेल्या धातूचं आकारमान. मॅग्नेशियमसाठी ते ०.८१ आहे, म्हणजे ऑक्साइड धातूला पुरा झाकूच शकत नाही. अॅल्युमिनियमसाठी १.२८, क्रोमियमसाठी २.०७. पहिली चाळणी म्हणून ते चांगलं आहे. पण थर उडेल की टिकेल हे त्यावरून ठरवू नये, कारण थर बाहेरच्या बाजूने वाढतो की आतल्या, हे त्या गुणोत्तरात येतच नाही.

उपाय दोन. पहिला, सावकाश निववणं. दुसरा जास्त परिणामकारक: मिश्रधातूतच यिट्रियम किंवा सिरियम अगदी थोड्या प्रमाणात घालणं. हे अणू ऑक्साइडच्या ग्रेन बाउंड्रीत जाऊन बसतात, थराची वाढ मंदावतात आणि पकड कित्येक पटींनी सुधारतात.

हवा, आर्गॉन, हायड्रोजन, निर्वात: यातलं काय निवडावं?

थर जाड करायचा किंवा स्फटिक करायचा असेल तर हवा किंवा ऑक्सिजन. लोखंड आणि तांबं यांचे ऑक्साइड हायड्रोजनने सहज निघतात. क्रोमियमचा ऑक्साइड काढायला १००० अंशांच्या वर आणि अतिशय कोरडा हायड्रोजन लागतो, अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवर त्याचा काही इलाज चालत नाही. टायटॅनियम, टँटलम, नायोबियम यांना हायड्रोजन दाखवूच नका, तो आत शिरून त्यांना ठिसूळ करतो. ऑक्सिजन असलेल्या तांब्यातही आत वाफ तयार होऊन तडे जातात.

आर्गॉन आणि निर्वात यांच्यावर फार विसंबू नये. बाजारातल्या आर्गॉनमध्ये आणि साध्या निर्वातात जेवढा ऑक्सिजन आणि बाष्प उरतं, तेवढं तापलेल्या टायटॅनियमला रंग चढायला पुरतं.

थर बदलला हे कसं ओळखायचं?

स्फटिक झाला का, हे एक्स-रे डिफ्रॅक्शन सांगतं. थर पातळ असेल तर किरण अगदी तिरपा टाकावा, नाहीतर खालच्या धातूच्याच रेषा दिसतात. अॅनाटेज ओळखायला रामन वर्णपट सोपा, १४४ वेव्हनंबरची रेषा ठळक येते. जाडीसाठी एलिप्सोमेट्री (परावर्तित प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजण्याची पद्धत), पण स्फटिक झाल्यावर अपवर्तनांक बदलतो, त्यामुळे जुना आकडा धरून जाडी काढू नये. ऑक्सिजन कुठे सरकला आहे हे बघायला कॅपॅसिटन्स वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला मोजा.

वजनवाढीवरून निष्कर्ष काढताना मात्र सावध राहा. ऑक्सिजन थरात थांबला काय आणि धातूत विरघळला काय, तराजूला दोन्ही सारखंच. त्यामुळे टायटॅनियम-झिर्कोनियमसाठी तुकडा कापून, पॉलिश करून, पृष्ठभागापासून आत जात कडकपणा मोजावा. आणि दर वेळी त्याच धातूचा, थर न वाढवलेला एक कोरा तुकडा शेजारीच भट्टीत ठेवावा. दोन्ही तुकडे बरोबर मोजले की थरात मुळातून झालेला बदल कोणता आणि भट्टीने नव्याने चढवलेला कोणता, हे वेगळं काढता येतं.